‘बोधी’ : एका नावाची कुळकथा

हेर्त्सोगेनआउराखला लेकीकडे येऊन मला महिना झाला होता आणि बाळंतपणाला अजून तीन आठवडे अवकाश होता. एका संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर जावयांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. नावांची लांबलचक यादी असेल असे मला वाटले. पाहतो तर एकच शब्द : बोधी. मी विचारले, “हे मुलाचे की मुलीचे?” लेक म्हणाली, “बाबा, जे होईल त्याचे.” मुलगा आहे की मुलगी हे डॉक्टरांना विचारायचेच नाही, असे दोघांनी आधीच ठरवले होते.

नाव मला रुचले नाही, हे प्रथम कबूल करतो. उभी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. हजेरीपटावरचे नाव उच्चारले की मुलगा उठणार की मुलगी, हे कळले पाहिजे, ही शिक्षकी सवय हाडात मुरलेली. हा आक्षेप मी बोलून दाखवला. दुसरा एक आक्षेप होता तो मनातच ठेवला. त्याकडे पुढे येतो. लेकीने वाद घातला नाही. “तुम्ही इतिहासवाले आहात, हे नाव कुठून आले ते तुम्हीच शोधा. तरी पटले नाही तर बदलू,” एवढे बोलून ती झोपायला गेली. पुढचे तीन आठवडे माझे याच शोधात गेले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण परदेशात पाळणा बांधायची वेळ आली की हा प्रश्न आपल्या घरोघरी उभा राहतो.

नावाचा शोध स्वतःच्या उंबरठ्यापासून सुरू करावा लागतो. माझ्या आजोबांचे नाव बुधा. बुधवारी जन्मले म्हणून बुधा, इतका साधा हिशेब. त्यांच्या भावांपैकी एक कचरू, एक धोंडू. आधीची मुले दगावली की पुढच्या मुलावर मृत्यूचीही नजर जाऊ नये म्हणून अशी नावे ठेवीत. ही रीत अनेक जातींत होती, हे खरे. पण आमच्या वस्तीत तिला आणखी एक अस्तर होते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात, ३१ आणि ३२ या श्लोकांत, नामकरणाचा नियम घालून दिला आहे : ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे मात्र किळस उत्पन्न करणारे, दास्य सुचवणारे. अस्पृश्य तर या चौकटीच्याही बाहेरचे. आमच्या गावात हा श्लोक कोणी वाचला असेल असे मला वाटत नाही. त्याची गरजही नव्हती, तो लोकांच्या जिभेवर होता. बुधा हे नाव तसे ग्रहाचे, चांगले. गावाने त्याचे ‘बुध्या’ केले. आजीचे नाव भागीरथी. तिची ‘भागी’ झाली. नावाच्या शेवटी एक ‘या’ लावून माणसाला किती खाली उतरवता येते, हे व्याकरण आपल्या मागच्या पिढ्या शाळेत न जाताच शिकल्या. कवी दया पवार यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘बलुतं’मध्ये शिकलासवरलेला लेखक आणि त्याच्या आत दडलेला दगडू हे समोरासमोर बसतात, ते उगीच नव्हे.

साताऱ्याच्या शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी ‘भिवा रामजी आंबेडकर’ अशी नोंद झाली. तेच भिवा पुढे भीमराव झाले, नंतर कोट्यवधींचे बाबासाहेब झाले. १९२१ मध्ये बॉन विद्यापीठाच्या दप्तरातही त्यांचे नाव दाखल झाले. म्हणजे जर्मन नोंदवहीत आपल्यापैकी पहिले नाव चढले त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली.

बाबासाहेबांनी नावांचे काम इमारतींपासून सुरू केले, ही गोष्ट माझ्या या वयात नव्याने ध्यानात आली. धर्मांतराच्या कितीतरी आधी दादरच्या घराला त्यांनी ‘राजगृह’ म्हटले. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले. १९५० मध्ये औरंगाबादेत जे महाविद्यालय सुरू झाले त्याला मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याच्या परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा ग्रीक राजा आणि उत्तरे देणारा भिक्षू, अशी ती जोडी मराठवाड्याच्या माळावर उभी राहिली. माणसांची नावे नंतर आली. माझे वडील नागसेनवनात गवंड्यांच्या हाताखाली विटा वाहत होते. ज्या इमारतीच्या पायाला हात लावला तिचेच नाव त्यांनी मुलाला दिले. मी मिलिंद झालो. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वस्तीत सिद्धार्थ, राहुल, गौतम, आनंद, प्रज्ञा, यशोधरा, संघमित्रा अशी नावे एकापाठोपाठ एक ऐकू येऊ लागली. माझ्या वर्गात आम्ही तिघे मिलिंद होतो. मास्तर आम्हाला आडनावाने हाक मारीत. पुढे मी लेकीचे नाव सुजाता ठेवले. बुधा, मिलिंद, सुजाता या ओळीत चौथे नाव बोधी हे कितपत शोभते, ते मला तपासायचे होते.

शब्द ‘बुध्’ या धातूपासून आला आहे. अर्थ जागे होणे, जाणणे. बुद्ध, बोध, बुद्धी, प्रबोधन ही सगळी त्याच घरातली मंडळी. आणि बुधवारचा बुधही त्यांतलाच! म्हणजे गावाने ज्यांचे ‘बुध्या’ केले ते आजोबा आणि जन्माला येऊ घातलेले नातवंड एकाच धातूचे निघाले. हे सुचले त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. आजोबांना हे कोणी सांगितले असते तर त्यांनी काय केले असते, कोण जाणे. बहुधा हसले असते.

पालीत ‘बोधि’ हे स्त्रीलिंगी नाम आहे. संस्कृतात ते पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी अशा दोन्ही प्रकारे चालते. उरुवेलेस निरंजना नदीच्या काठी सिद्धार्थ गौतमांना जी जागृती लाभली ती बोधी, आणि ज्या पिंपळाखाली लाभली तोही बोधी. मराठीत एक गंमत आहे. शब्द एकटा असला की शेवटची वेलांटी दीर्घ, ‘बोधी’. समासात गेला की ऱ्हस्व, ‘बोधिवृक्ष’, ‘बोधिसत्त्व’. शुद्धलेखनाच्या वहीत मी हे वर्षानुवर्षे तपासले. आता घरातच त्याची वेळ आली.

भाषाशास्त्र आणखी पुढे नेते. जर्मन भाषेतील ‘बीटन’ म्हणजे देऊ करणे, ‘बोटे’ म्हणजे निरोप्या, ‘गेबोट’ म्हणजे आज्ञा, हे शब्द ‘बुध्’ ज्या प्राचीन मुळापासून फुटला त्याच मुळाचे आहेत. जाणीव करून देणे, कळवणे, यावरून अर्थ तिकडे वळला. येथे जागोजागी पाटीवर दिसणारा ‘फरबोटन’, म्हणजे मनाई, हासुद्धा दूरचा भाऊबंदच. लिथुआनियन आणि रशियन भाषांत मात्र या मुळाचे शब्द अजून जागे असणे आणि जागे करणे याच अर्थाने वापरतात. उलट जमिनीसाठी असलेला जर्मन शब्द ‘बोडेन’ कानाला बोधीसारखा लागला तरी त्याचे नाते संस्कृत ‘बुध्न’ म्हणजे तळ या शब्दाशी आहे. ते घर वेगळे. एक व्यावहारिक अडचणही होती. येथे तान्ह्या बाळाच्या एकसंध अंगरख्याला ‘बॉडी’ म्हणतात. बालवाडीत मुले चिडवतील की काय, अशी जावयांना धास्ती होती. लेकीचे म्हणणे असे, की चिडवायचेच असेल तर मुले कुठल्याही नावावरून चिडवतात.

आता मूळ प्रश्न : मुलाचे की मुलीचे? तिपिटकात याचे उत्तर इतके स्वच्छ मिळेल, अशी माझी अपेक्षा नव्हती. तेथे बोधी दोन आहेत, एक राजपुत्र आणि एक भिक्षुणी.

भिक्षुणी भेटते थेरीगाथेत. स्थळ पाटलिपुत्र. दोन थेरी भिक्षाटन करून आल्या आहेत, जेवण झाले आहे, पात्रे धुऊन झाली आहेत आणि दोघी निवांत बसल्या आहेत. एकीचे नाव इसिदासी, दुसरीचे बोधी. दोघी शीलवान, ध्यानात रमणाऱ्या, बहुश्रुत. बोधी इसिदासीला विचारते, की तू अजून तरुण आहेस, सुंदर आहेस, मग असे काय दिसले म्हणून घर सोडलेस? त्यावर इसिदासी आपली कथा सांगते. उज्जैनच्या सावकाराची ही मुलगी. तीनदा लग्न झाले, तिन्ही नवऱ्यांनी टाकली. पहिल्या घरी तर तिने दासीसारखी सेवा केली होती. थेरीगाथेतल्या सर्वांत दीर्घ आत्मकथनांपैकी हे एक, आणि ते आपल्यापर्यंत पोहोचले ते बोधीने प्रश्न विचारला म्हणून. बोधी स्वतःविषयी काहीच सांगत नाही. ती ऐकून घेते. आपल्या आयाबायांच्या कहाण्या कोणी विचारल्याच नाहीत म्हणून किती वाहून गेल्या, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या थेरीचे मोल वेगळे सांगायला नको.

राजपुत्र भेटतो मज्झिम निकायात. त्याच्या नावाचे सुत्तच आहे, बोधिराजकुमार सुत्त, क्रमांक ८५. तो वत्सांचा राजा उदेन याचा मुलगा. भग्गांच्या प्रदेशात सुंसुमारगिरी येथे त्याने ‘कोकनद’ नावाचा नवा प्रासाद बांधला आणि भगवंतांना भोजनास बोलावले. पायऱ्यांपर्यंत पांढरी वस्त्रे अंथरली. भगवान वस्त्रांवर पाऊल ठेवीनात. शेवटी आनंदाने ती उचलायला सांगितली. मग संवाद झाला तो कष्टाविषयी. सुख सुखाने मिळत नाही, दुःख सोसूनच मिळते, असे राजपुत्राचे मत होते. भगवंतांनी त्याला आपल्या उग्र तपश्चर्येचा आणि ती व्यर्थ गेल्याचा सारा वृत्तान्त सांगितला.

सुत्ताचा शेवट मी पूर्वी वाचला होता, पण वाचूनही मला तो दिसला नव्हता. राजपुत्र धम्माची स्तुती करतो, तेव्हा त्याचा मित्र संजिकापुत्त त्याला टोकतो : स्तुती करतोस, पण शरण गेल्याचे काही बोलत नाहीस. राजपुत्र उत्तरतो, असे म्हणू नकोस. मी माझ्या आईच्या तोंडूनच ऐकले आहे. मी तिच्या पोटात असताना ती कोसंबीच्या घोसितारामात भगवंतांकडे गेली आणि म्हणाली, की माझ्या उदरात जे मूल आहे, कुमार असो वा कुमारी, ते बुद्धाला, धम्माला आणि संघाला शरण जात आहे. पुढे सुंसुमारगिरीच्या भेसकळावनात दाईने त्याला कडेवर घेऊन पुन्हा हेच सांगितले. आणि आता तिसऱ्यांदा, तो म्हणतो, मी स्वतः शरण जातो.

कुमार असो वा कुमारी. अडीच हजार वर्षांपूर्वीची एक गर्भवती बाई ते ठरण्याआधीच मुलाला त्रिशरण देते, आणि त्या मुलाचे नाव बोधी. हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मला हे ठाऊक नव्हते.” तिने नाव केवळ आवडले म्हणून निवडले होते. तिला माहीत असेल असे मी गृहीत धरले होते, म्हणून मला थोडे हसूही आले.

पाली साहित्यात मुलामुलींची जोडनावे पुष्कळ आहेत : अभय आणि अभया, नंद आणि नंदा, सोण आणि सोणा, खेम आणि खेमा. पण तेथे शेवटचा स्वर बदलतो. नाव एकच असले तरी दारे दोन. बोधीला स्त्री होण्यासाठी किंवा पुरुष होण्यासाठी काही जोडावे लागत नाही. मराठीत किरण, सुमन, शशी ही नावे या प्रकारची. त्यांची सवय झाल्यामुळे आपल्याला त्यांत नवल वाटत नाही.

हे नाव तसे कधीच फार चालले नाही. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास, सातवाहनांची सत्ता मावळल्यावर, वायव्य दख्खनमध्ये राज्य करणारे एक छोटे घराणे त्याच्या नाण्यांवरून ओळखीचे आहे : श्रीबोधी, शिवबोधी, चंद्रबोधी, वीरबोधी. त्यांच्याविषयी नाण्यांपलीकडे सांगण्यासारखे फार थोडे. चीनला गेलेला बोधिधर्म सर्वांना माहीत आहे, पण ते जोडनाव. आपल्या काळात इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ‘बोधी’ पुन्हा दिसू लागले त्यात १९९१ सालच्या ‘पॉइंट ब्रेक’ या हॉलिवूडपटाचा हात मोठा; त्यातल्या लाटांवर स्वार होणाऱ्या दरोडेखोराचे नाव बोधी. तिकडे ते बहुतेक मुलांनाच ठेवतात. जावयांनी मला तो चित्रपट दाखवला. मी अर्ध्यात झोपलो.

धर्मग्रंथात नाव दोघांचे असले तरी जर्मन नोंदवहीत चालेल का, हा प्रश्न उरला. येथे आपल्यासारखे ‘घरी ठेवू काहीतरी, शाळेत घालताना बघू’ चालत नाही. जन्मानंतर एका महिन्याच्या आत नाव नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते, आणि नाव अयोग्य वाटल्यास अधिकारी अडवू शकतो. अनेक वर्षे या कार्यालयांची कार्यपद्धती अशी होती, की नावावरून मुलगा की मुलगी हे कळले पाहिजे. कळत नसेल तर स्पष्टपणे त्या लिंगाचे दुसरे नाव जोडावे. ही अडवणूक न्यायालयात मोडली गेली ती आपल्याच एका नावामुळे. भारतीय मुळे असलेल्या एका कुटुंबाला मुलीचे नाव किरण ठेवायचे होते. कार्यालयाने नकार दिला, खालच्या न्यायालयांनी त्याला दुजोरा दिला. प्रकरण कार्ल्सरूएच्या संविधान न्यायालयात गेले आणि ५ डिसेंबर २००८ रोजी निर्णय लागला : नावावरून लिंग कळलेच पाहिजे असे बंधन कायद्यात नाही, मुलाच्या हिताला बाधा येत असेल तरच आईवडिलांचे नाव अडवता येईल. ‘किरण’ हा घराघरातला शब्द जर्मनीच्या संविधानाच्या भाष्यात जाऊन बसला, याची आपल्याकडे फारशी वार्ता पोहोचलेली नाही.

हा निकाल वाचताना मला पुन्हा मनुस्मृती आठवली. वर सांगितलेल्या दोन श्लोकांनंतरचा ३३ वा श्लोक स्त्रियांच्या नावांचा आहे. स्त्रीचे नाव उच्चारायला सोपे, गोड, मंगल असावे आणि त्याच्या शेवटी दीर्घ स्वर असावा. म्हणजे सलग तीन श्लोकांत नाव ऐकताच वर्ण कळावा आणि लिंगही कळावे, अशी दुहेरी तजवीज आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जळला त्यात हाही श्लोक होता. नाव म्हणजे दुरून ओळखता येणारी खूण, मग त्या माणसाशी कसे वागायचे ते ठरलेले. तीन आठवड्यांपूर्वी हजेरीपटाचे कारण देऊन मी जे मागत होतो ते याहून फार वेगळे नव्हते, हे लिहिताना बरे वाटत नाही.

जर्मनीने हे टोकाला नेऊन पाहिले आहे. येथून अर्ध्या तासाच्या अंतरावर न्यूर्नबर्ग शहर आहे, जेथे १९३५ चे वंशकायदे जाहीर झाले. १७ ऑगस्ट १९३८ च्या हुकमाने, ज्या ज्यूंची नावे सरकारी यादीतली ‘ज्यू नावे’ नव्हती त्यांना १ जानेवारी १९३९ पासून एक जादा नाव लावण्याची सक्ती झाली. पुरुषांना ‘इस्राएल’, स्त्रियांना ‘सारा’. जात आणि लिंग एकाच शिक्क्यात. दोन्ही नावे मुळात सुंदर आणि पूज्य. नाव वाईट असावे लागते असे नाही. ते दुसऱ्याने लादलेले असले की पुरे. आमच्या बुधाआजोबांचेही तेच झाले होते.

आता मनात ठेवलेल्या दुसऱ्या आक्षेपाकडे येतो.

हेर्त्सोगेनआउराख हे छोटे गाव, पण खेळाच्या बुटांच्या दोन जगप्रसिद्ध कंपन्या आणि बेअरिंगचा एक मोठा कारखाना येथे आहे. गाव नावांचेच आहे म्हणा ना. सख्ख्या भावांचे बिनसले. आदी डासलर याने आपल्या नावाआडनावाचे तुकडे जोडून ‘आदिदास’ केले, रुडॉल्फने तसेच ‘रुडा’ केले आणि मग ते बदलून ‘पुमा’. १००२ सालच्या दस्तऐवजात गावाचे नाव नुसते ‘उराहा’ आहे. मागचे ‘हेर्त्सोगेन’, म्हणजे सरदारांचे, हे नंतर चिकटले. तर या कारखान्यांमुळे येथे भारतीय अभियंत्यांची वस्ती बरीच. रविवारी आउराख नदीच्या काठी फिरायला गेलो की हिंदी, तेलुगू, मराठी कानावर पडते. मला बरे वाटते. आणि थोडी धडकीही भरते. एकदा अशाच फेरीत एका मराठी गृहस्थांनी मला गाव विचारले, मग तालुका, मग “पूर्ण नाव काय म्हणालात?” प्रश्न कुठे चालला आहे ते मला पहिल्याच पायरीला कळले. मी ‘मिलिंद’ म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि हवेचा विषय काढला.

माझी भीती ही होती. जर्मन माणसाला ‘बोधी’तून मुलगा कळणार नाही की मुलगी, हे ठीक, पण आपल्या देशबांधवांना त्यातून जात लगेच कळेल. हजारो मैल आलेल्या लेकराच्या गळ्यात पुन्हा तीच घंटा कशाला? आपल्यापैकी अनेकजण परदेशात मुलांना कुठेही खपेल असे, कोणाच्याही घरचे वाटेल असे नाव ठेवतात. मी त्यांना दोष देत नाही. मीही तेच सुचवणार होतो.

बाबासाहेबांच्या हयातीत अप्रकाशित राहिलेला ‘अवे फ्रॉम द हिंदूज’ हा निबंध या निमित्ताने पुन्हा वाचला. नावात काय आहे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर सरळ आहे : पुष्कळ आहे. अस्पृश्यांनी चोखामेळा, हरिजन अशी वेगवेगळी नावे घेऊन पाहिली, पण हिंदूंच्या चौकटीतले नाव घेतले की पुढचा प्रश्न येतो, मग त्याच्या पुढचा, आणि अखेर जुने नाव ओठांवर यावेच लागते. म्हणून नाव त्या चौकटीबाहेरचे हवे, आणि ते धर्म बदलल्याशिवाय मिळत नाही. लपण्यासाठी नाव बदलणे आणि बाहेर पडण्यासाठी नाव बदलणे यांत त्यांनी केलेला हा भेद मी विद्यार्थ्यांना शिकवला होता. नदीकाठच्या त्या गृहस्थांसमोर मात्र विसरलो होतो.

लेकीला मी शेवटी ही भीती सांगितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाबा, आजोबांनी तुमचे नाव मिलिंद ठेवले तेव्हा गावाला कळणार नव्हते का? कळावे म्हणूनच ठेवले ना त्यांनी?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. वडील विटा वाहत होते तेव्हा त्यांच्यापाशी लपवण्याजोगे काही नव्हते आणि दाखवण्याजोगे एवढे एक नाव होते.

परक्या मुलखात मुलाला धम्मातले नाव देणारे आपण पहिले नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातले १७ क्रमांकाचे लेणे ज्याने कोरवले तो इंद्राग्निदत्त उत्तरेकडच्या दत्तामित्री नगरीचा यवन होता, हे तेथील शिलालेखात लिहिले आहे. त्याच्या वडिलांचे नाव धम्मदेव, आणि दानात सहभागी असलेल्या मुलाचे नाव धम्मरक्खित. घरापासून इतक्या दूर, दुसऱ्यांच्या भाषेत, दगडावर त्या कुटुंबाने तीन पिढ्या नोंदवल्या. धम्मरक्खित हे नाव नाशिकच्या बाजारात कोणाला कसे वाटले, ते शिलालेख सांगत नाही.

बाळ एर्लांगनच्या इस्पितळात जन्मले. मुलगा की मुलगी हे येथे लिहीत नाही; लिहिले तर वाचक हे नाव त्याच बाजूचे मानून चालतील. मराठीत मूल, बाळ, लेकरू, नातवंड हे सारे नपुंसकलिंगी शब्द आहेत आणि जर्मनमध्येही मुलासाठीचा ‘किंड’ हा शब्द तसाच, त्यामुळे माझे काही अडत नाही. पाचव्या दिवशी घरी आणल्यावर तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटले. लेकीने बाळाला कडेवर घेतले होते, भेसकळावनातल्या त्या दाईसारखे.

नोंदणी कार्यालयात मीही गेलो होतो. खिडकीतल्या बाईंनी नाव वाचले, मान वर करून लेकीकडे पाहिले आणि मी किरणचा निकाल मनातल्या मनात जुळवू लागलो. त्यांनी विचारले ते निराळेच. ‘डी’नंतर ‘एच’ आहे का, की चुकून पडला? जर्मन कानाला ‘ध’ आणि ‘ड’ यांतला फरक ऐकू येत नाही. जावई म्हणू लागले, नसला तरी चालेल. लेकीने त्यांना थांबवले आणि बाईंना सांगितले, की आहे, तो राहू द्या.